ठासणीची बंदूक आणि टोपीचे रिव्हॉल्व्हर

डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्याला पीकरक्षणासाठी बंदूक हवी असेल, तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ प्रथम ठासणीच्या बंदुकीचाच, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायच्या बंदुकीचा, विचार करते. हाच मूळ प्रकार एकोणिसाव्या शतकात रिव्हॉल्व्हरमध्ये उतरला. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाने बार उडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यातून पुढे असे स्फोटक भरलेली तांब्याची छोटी टोपी आली आणि सॅम्युअल कोल्ट यांनी १८३६ मध्ये अमेरिकेत फिरत्या कोठ्यांच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळवले.

या शस्त्रात प्रत्येक कोठ्यात समोरून सोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू पडते, तिच्यावर शिशाची गोळी नळीखालच्या दांड्याने दाबून बसवली जाते आणि मागच्या पोकळ बोंडीवर टोपी चढते. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून दारूपर्यंत पोहोचते. कोठ्याच्या तोंडाशी चरबी लावण्याची रीत होती, कारण एका बाराची आग शेजारच्या कोठ्यात शिरली तर अनेक बार एकदम उडून हात जायबंदी होऊ शकतो. काळ्या दारूची राख ओल धरते व लोखंड गंजवते, म्हणून वापरानंतर लगेच गरम पाण्याने धुऊन, वाळवून तेल देणे अनिवार्य असे. समुद्राकाठच्या डहाणूसारख्या दमट हवेत तर हयगय मुळीच परवडणारी नाही.

पीकरक्षणाच्या त्या तरतुदीत रिव्हॉल्व्हरचा उल्लेख नाही. घरात जुने ठासणीचे शस्त्र सापडल्यास ते हाताळून न पाहता पोलीस ठाण्याला कळवावे.