सहा कोर्ट आणि एक फिजिकल डायरेक्टर

जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन-रूर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. पुण्याच्या वैष्णवी आडकरने तिथे टेनिसच्या महिला एकेरीत कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेत टेनिसमध्ये भारताला याआधीचे पदक मिळाले होते ते १९७९ साली, मेक्सिको सिटीत. ते रौप्यपदक नंदन बाळ यांचे. मधे तब्बल ४६ वर्षे कोरडी गेली.

त्याच स्पर्धेत भारताच्या बॅडमिंटन संघाचे काय झाले, तेही आठवून पाहावे. बारा खेळाडू जर्मनीला पोहोचले, पण त्यांतले सहा जण कोर्टवर उतरूच शकले नाहीत. व्यवस्थापकांच्या बैठकीत नावे द्यायची असतात, ती नीट दिली गेली नव्हती. उरलेल्या सहा जणांनी मिश्र सांघिक कांस्यपदक आणले, ही त्यांची जिद्द. बाकीच्यांची वर्षांची मेहनत मात्र एका कागदावर अडली. खेळाडूच्या मागे उभी असलेली माणसे काय करतात, हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. त्यांनी काम केले नाही की लगेच येते.

टेनिसमध्ये तर ही माणसे जवळजवळ अदृश्यच असतात. कोर्टवर खेळाडू एकटी दिसते. सामना चालू असताना प्रशिक्षकाने सल्ला देणे हा कितीतरी वर्षे गुन्हा मानला जात होता. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षकाने केलेल्या हातवाऱ्यांवरून सेरेना विल्यम्सला ताकीद मिळाली आणि तिथून मोठा वाद पेटला. आता नियम सैल झाले आहेत. २०२५ पासून कोर्टबाहेरून मर्यादित सल्ला देण्याची मुभा खेळाच्या नियमांतच आली आहे. सांघिक टेनिसची गोष्ट पहिल्यापासून वेगळी आहे. तिथे कर्णधार किंवा प्रशिक्षक बाकावर बसतो आणि बाजू बदलताना मिळणाऱ्या ९० सेकंदांत खेळाडूशी बोलतो.

कॉलेजच्या मुलींच्या संघामागे किती माणसे असू शकतात, हे पाहायचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. तिथे जाऊन आलेली एक मुलगी आपल्याच श्रीरामपूरची आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकून आली. पहिला सेट २-६ असा गेल्यावर त्या दोघांनी दुसरा ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा घेतला होता.

अमेरिकी कॉलेजचा सामना एकदा नीट समजून घेतला की तिथे एवढी माणसे का लागतात, ते कळते. आधी तीन दुहेरी सामने एकाच वेळी तीन कोर्टवर सुरू होतात. त्यांतले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. मग सहा एकेरी सामने, तेही शक्यतो सहा कोर्टवर एकदम. प्रत्येक विजयाला एक गुण. सातांपैकी चार गुण ज्याचे आधी होतील तो संघ जिंकला, आणि मग राहिलेले सामने बहुधा जागच्या जागी थांबतात. आता मुख्य प्रशिक्षकाच्या जागी उभे राहून पाहा. पहिल्या कोर्टवर सर्वांत चांगली मुलगी हरते आहे, चौथ्या कोर्टवर नवखी मुलगी सेट पॉइंटवर आहे, सहाव्या कोर्टवर एकीच्या पोटरीत गोळा आला आहे. तुम्ही कुठे जाल? दोन गुणांच्या मधे फक्त २५ सेकंद मिळतात. म्हणून प्रशिक्षक कोर्ट वाटून घेतात. मुख्य प्रशिक्षक दोन सामन्यांवर, सहायक दोनवर, तिसरा उरलेल्या दोनांवर. कोणती मुलगी कोणाचे ऐकते, कोणाला बोललेले चालते आणि कोणाला नुसते जवळ उभे राहिलेले पुरते, हे हिशेब सराव चालू असतानाच झालेले असतात.

या प्रशिक्षकांच्या जोडीला व्यायामाचा वेगळा तज्ज्ञ असतो. दुखापती पाहणारा असतो. आहाराबद्दल सांगणारे कुणी असते. अभ्यास मागे पडू नये म्हणून एक सल्लागार असतो. सक्तीच्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, कारण ती मुलगी आधी विद्यार्थिनी आहे, असे तिथले नियम मानतात. टेक्सास ए अँड एमच्या मुलींनी २०२४ मध्ये मार्क वीव्हर यांच्या हाताखाली पहिल्यांदाच अमेरिकेचे आंतरविद्यापीठ विजेतेपद जिंकले. वीव्हर २०१५ पासून मुख्य प्रशिक्षक होते. विजेतेपद यायला त्यांना जवळपास नऊ वर्षे लागली आणि तेवढी वर्षे त्यांना मिळाली, हे महत्त्वाचे.

अमेरिकेतही हे सारे आपोआप आले नाही. बिली जीन किंग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या कॉलेजात शिकत होती. तेव्हा तिने विम्बल्डनमध्ये दुहेरीचे विजेतेपद मिळवलेले होते, तरी तिला क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. त्याच शहरातल्या विद्यापीठांत आर्थर अ‍ॅश आणि स्टॅन स्मिथ या मुलांना ती मिळत होती. १९७२ साली शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करायला बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हा कुठे मुलींच्या संघांना पैसे मिळू लागले. त्यातून एक उलटी गोष्टही घडली. कायदा झाला तेव्हा मुलींच्या कॉलेज संघांना शिकवणाऱ्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. जागांना पगार आणि मान आला, तसे पुरुष त्या जागांवर आले आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याखाली घसरले. आपल्याकडे नव्याने काही उभे करताना ही चूक डोळ्यांपुढे ठेवायला हवी.

आता आपल्याकडच्या एका गावाकडे, माहूरकडे येऊ.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठच्या डोंगराळ मुलखात रेणुकामातेचे हे गाव वसले आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून सारा महाराष्ट्र माहूरला ओळखतो. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एसटीने जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. भोवतीच्या तांड्यांवरून आणि आदिवासी पाड्यांवरून मुली शिकायला येतात. टेनिसचे नाव त्यांना टीव्हीवरून ठाऊक.

इथल्या कॉलेजांची पदवी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाकडे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे आहेत. खेळाची उतरंड इतर विद्यापीठांसारखीच आहे. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभाग आणि तिथे चांगले खेळलात तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतही टेनिस आहे. वाट आहे, पण त्या वाटेवर मुलीचा हात धरून चालणारे माणूस कॉलेजात बहुधा एकच असते, ते म्हणजे फिजिकल डायरेक्टर. कागदावर ‘शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक’, मुलांच्या तोंडी ‘पीटीचे सर’.

या एका माणसाची कामे मोजायला बसावे. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, कुस्ती, बुद्धिबळ, सगळ्यांचे संघ त्यानेच निवडायचे. प्रवेशपत्रे, वयाचे दाखले, बोनाफाइड, फोटो, प्राचार्यांची सही, सगळे त्यानेच जमवायचे. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ च्या आत बसते का ते तपासायचे. ट्रॅकसूटची मापे घ्यायची, टीए-डीएची बिले लावायची, मुलींचा संघ असेल तर सोबत महिला व्यवस्थापक शोधायची आणि पालकांच्या घरी जाऊन ‘मी आहे ना’ म्हणून सांगून यायचे. ज्या कामात चूक झाली म्हणून जर्मनीत सहा बॅडमिंटनपटू बाहेर बसले, ते काम हा माणूस दरवर्षी दहा-बारा खेळांसाठी करतो. त्याच्या निवडीचे निकषही कडक आहेत. पदव्युत्तर पदवी, नेट किंवा सेट आणि वर शारीरिक क्षमतेची चाचणी. तिशीपर्यंतच्या पुरुषाने १२ मिनिटांत १८०० मीटर, त्याच वयाच्या स्त्रीने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापले पाहिजे. टेनिसचा फोरहँड शिकवता येतो का, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि एका माणसाकडून सगळ्या खेळांची तशी अपेक्षा धरणेही गैर आहे.

तरीही मराठवाड्याने एका खेळात काय करून दाखवले, ते पाहावे. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्यामागे चंद्रजित जाधव यांच्यासारखा एकाच खेळाला वाहून घेतलेला प्रशिक्षक होता. धाराशिवात खो-खो वाढला तो मैदान मोठे होते म्हणून नव्हे. शिकवणारा माणूस गावातच राहिला, म्हणून वाढला.

टेनिसला मैदानाची अडचण आहे, हे खरेच. आखलेले कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर रुंद असते, पण पळायला जागा धरली की साधारण ३६ बाय १८ मीटर लागतात. तेवढ्या जागेत मुलींच्या कबड्डीची सहा मैदाने बसतील. मग कुठला प्राचार्य आधी टेनिसचे कोर्ट आखेल? त्यात रॅकेट, तिचे गटिंग, बॉलचे डबे. बॉल तर काही आठवड्यांत मऊ पडतात.

या अडचणीवर उपाय निघालेला आहे आणि तो महाग नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नवशिक्यांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे हळू चेंडू रूढ केले आहेत. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचे कोर्ट जेमतेम ११ मीटर लांबीचे, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टात मावणारे. जाळी ८० सेंटिमीटर उंच, दोरी बांधली तरी चालते. चेंडू हळू येतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी दोघी मुली पाच-सहा फटके सलग मारू शकतात. नेहमीच्या चेंडूने शिकणाऱ्या मुलीचा पहिला महिना चेंडू आणायला पळण्यातच जातो.

अठराव्या वर्षी रॅकेट हातात घेतलेली मुलगी विम्बल्डनला जाणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितले पाहिजे. ऋतुजा असो की बार्शीची प्रार्थना ठोंबरे, या मुली लहानपणापासून खेळत आल्या. मराठवाड्याच्या वेशीवरच्या बार्शीतून निघालेली प्रार्थना हैदराबादेत सानिया मिर्झाच्या अकादमीत शिकली, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीचे कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकही खेळली. तिथे पहिल्याच फेरीत चीनच्या जोडीशी तीन सेट झुंजून हरली. तिला गाव सोडावे लागले, कारण तिला पुढे नेणारा प्रशिक्षक गावात नव्हता.

खेळाडू होण्याचे वय मात्र वेगळे आणि प्रशिक्षक होण्याचे वेगळे. कॉलेजातली तीन वर्षे मन लावून खेळलेली, विद्यापीठाच्या संघात एकदा जाऊन आलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी उत्तम प्राथमिक प्रशिक्षक होऊ शकते. महासंघाचा ‘प्ले टेनिस’ हा सुरुवातीचा प्रशिक्षक अभ्यासक्रम नवशिक्यांना शिकवू पाहणाऱ्यांसाठीच आहे. त्यापुढे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीची प्रमाणपत्रे आहेत, आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. नंदन बाळ विद्यापीठ स्पर्धेत पदक मिळवून पुढे डेव्हिस चषक संघाचे प्रशिक्षक झाले. देशाकडून खेळलेल्या राधिका तुळपुळे-कानिटकर एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या बिली जीन किंग चषकाच्या लढतींत भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून बाकावर होत्या. या दोघांची पातळी फार वरची आहे, पण वाट खालपासून तीच आहे.

शिकवणारी मुलगी का हवी, याला आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मुलगी दुसऱ्या सेटमध्ये दमली तर ती आळशी आहे की तिचे हिमोग्लोबिन कमी आहे, हे आधी तपासायला हवे. पाळीच्या दिवसांत सराव किती करायचा, हे ती पीटीच्या सरांना सांगत नाही, ताईला सांगते. अमेरिकेतल्या संघात यासाठी तीन वेगळी माणसे असतात. इथे ग्रामीण रुग्णालयातली रक्ततपासणी आणि विचारणारे एक माणूस मिळाले, तरी निम्मे काम होईल.

आंतरमहाविद्यालयीन टेनिस झाल्यावर विद्यापीठ ज्या मुलींना शिबिराला बोलावते, त्यांच्यातल्याच दोघी-तिघींना दरवर्षी त्या ‘प्ले टेनिस’ अभ्यासक्रमाला पाठवता येईल. क्रीडा शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतोच, त्यातून हा खर्च निघावा. माहूर आणि किनवटच्या कॉलेजांनी मिळून अशी एक मुलगी मानधनावर नेमावी. आठवड्यातले तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. सकाळी कॉलेजच्या मुली, संध्याकाळी जिल्हा परिषद शाळेतली आठ-नऊ वर्षांची मुले, लाल चेंडूंचा एक खोका आणि बॅडमिंटनच्या आखलेल्या रेषा. कागदपत्रे, प्रवेशपत्रे आणि एसटीचा प्रवास फिजिकल डायरेक्टर सांभाळतील. ते काम त्यांच्याइतके कुणालाच येत नाही. जिथे आज एकच माणूस आहे तिथे दुसरे माणूस उभे करायचे आहे. आणि त्या मुलीचे मानधन वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरलेले असावे, नाहीतर पहिल्या दिवाळीनंतर ती बीपीएडला किंवा पुण्याला निघून जाईल.