चित्रांतील नाच आणि गल्लीतील लेझीम

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंत व्याख्यानमालेत मुलांच्या कार्टूनला काय काम, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्या घरात शाळकरी मूल आहे, त्या घरात संध्याकाळी कार्टून लागते, आणि त्यातील पात्रे नाचू लागली की मूलही उठून तसे पाय टाकू पाहते. दूरच्या शहरांच्या रस्त्यांवर जन्मलेला नाच अशा रीतीने सातारा-सांगलीच्या माजघरापर्यंत येऊन पोहोचला आहे. तो चांगला की वाईट, हा वाद आम्ही येथे घालू इच्छीत नाही. चित्र नाचते कसे, हे प्रथम समजून घ्यावे, आणि मग आपल्या रस्त्यावरची लेझीम किंवा गजी चित्रांत उतरवावयाची झाल्यास काय लागेल, याचा विचार करावा, इतकाच हेतू आहे.

मुले ज्या नाचाची नक्कल करतात त्याचे कूळ आधी पाहू. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात १९७३ च्या सुमारास कूल हर्क नावाचा तरुण घरगुती मेळाव्यांत तबकड्या वाजवीत असे. गाण्यात जेथे केवळ तालवाद्ये उरतात, तेवढाच तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवी, आणि त्या तुकड्यावर मुले नाचत. गरीब वस्तीतील काळ्या आणि पोर्तोरिकन मुलांनी तो नाच फरसबंदीवर वाढविला. १९९० मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘किड एन प्ले’ ही त्याच संगीताच्या वातावरणातील मुलांची कार्टून मालिका आली, आणि २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये या नाचाची स्पर्धाही झाली. गल्लीतील खेळ अर्ध्या शतकात जगाच्या अंगणात गेला, आणि ती वाट काही अंशी चित्रांनी सोपी केली.

आता चित्र हलते कसे? चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. प्रत्येक चौकटीत वस्तू किंचित सरकलेली असली, की डोळ्याला सलग हालचाल भासते. कार्टूनमध्ये बहुधा एकच चित्र दोन चौकटींना पुरवितात. म्हणजे सेकंदाला बारा चित्रे, मिनिटाला सातशेवीस. हे कौतुक महाराष्ट्राला नवे नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या पटात आगकाड्या एकेक चौकट सरकवून जिवंत केल्या होत्या. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना या विद्येचे धडे दिले. विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ तर आज आजी-आजोबा झालेल्या कित्येकांना आठवत असेल.

नाच काढावयाचा म्हटला की चित्रकार आधी कागद घेत नाही. तो आधी वाद्य ऐकतो आणि ठोके मोजतो. समजा, हलगीवर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो आहे. म्हणजे एका ठोक्याला बारा चौकटी, अर्थात सहा चित्रे. लेझमीचा आठ ठोक्यांचा एक हात घेतला, तर अठ्ठेचाळीस चित्रांत तो पुरा होतो. पुन्हा पहिल्या चित्रावर आले की हात नव्याने सुरू. तीच अठ्ठेचाळीस चित्रे फिरवून फिरवून सबंध मिरवणूक चालविता येते. लेझीम आवर्तनाची असल्यामुळे कार्टूनच्या हिशेबाला ती सोयीची आहे. मात्र लेझमीच्या चकत्या ज्या चौकटीत वाजतात, त्याच चौकटीत साखळी ताणलेली दिसली पाहिजे. दोन-तीन चौकटींची चूक झाली, तरी सहा वर्षांच्या पोरालाही काहीतरी बिनसले आहे हे कळते.

या सहा चित्रांपैकी सगळी सारख्या महत्त्वाची नसतात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार करताना त्याच्या दहा अवस्था चित्रांनी दाखविल्या होत्या. त्या दहा चित्रांवरून नमस्कार शिकता येतो. पण एका अवस्थेतून दुसरीत शरीर कसे जाते, कोठे सावकाश आणि कोठे झटक्याने, ते करून दाखविणाऱ्याकडूनच कळते. कार्टूनचेही तसेच असते. मुख्य अवस्था अनुभवी चित्रकार काढतो आणि मधली चित्रे इतर भरतात. नाचाचा जीव या मधल्या चित्रांच्या वाटणीत असतो. लेझीम खेळणारा गडी वर उसळण्याआधी गुडघ्यात किंचित खचतो. ते खचणे दोन चित्रांत उरकले तर गडी कागदी वाटतो, चार चित्रांत दाखविले तर त्याच्या अंगाला वजन येते.

गजीची गोष्ट याहून अवघड. सातारा, सांगली, सोलापूर या भागांतील धनगर समाजाचे हे नृत्य. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबासारख्या देवस्थानांशी या समाजाचे नाते आहे. अंगात पायघोळ पांढरा अंगरखा, डोक्याला फेटा, हातांत रंगीत रुमाल, मध्ये ढोल आणि कैताळ, आणि त्यांच्याभोवती फिरणारे रिंगण. ओळीने चालणारी मिरवणूक एका बाजूने काढता येते. रिंगणात मात्र नाचणारा क्षणात जवळ येतो, क्षणात ढोलवाल्याआड जातो, कधी पाठमोरा, कधी समोर. प्रत्येक वळणाला नवे चित्र लागते. शिवाय हात थांबला तरी रुमालाचे टोक मागाहून येते, आणि गिरकी संपली तरी अंगरख्याचा घेर आणखी थोडा फिरतो. हे मागाहून येणे दाखविले तरच हवा आणि वेग डोळ्यांना जाणवतात. सर्वांना एकाच चौकटीत एकच पाऊल टाकावयास लावले, तर रिंगण कवायतीसारखे दिसते. खऱ्या रिंगणात कोणी केसभर आधी असतो, कोणी केसभर मागे.

हे बारकावे चित्रकाराला कोण शिकविणार? अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांच्या १९३२ च्या ‘मिनी द मूचर’ या कार्टूनमध्ये एक भुताटकीचा वॉलरस नाचतो. कॅब कॅलोवे या गायकाच्या खऱ्या नाचाचे चित्रीकरण करून त्यावरून त्याची रेघ उतरविली होती. भूत कल्पनेतले, पण पावले हाडामांसाच्या माणसाची. यातून एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसते. जो नाच कोणी नाचत नाही, तो चित्रातही नीट नाचत नाही. उद्या एखाद्या हौशी मंडळीने लेझमीवर किंवा गजीवर मुलांची मालिका काढावयाचे ठरविले, तर संगणक आणि पैसा कदाचित मिळेल. परंतु खचणारा गुडघा आणि फिरणारा घेर दाखविणारा जाणता गडी तोवर गावात असला पाहिजे.

येथेच एक न्यायाची बाबही आहे. मिरवणुकीत लेझमीचे कौतुक होते. हलगी वाजविणाऱ्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. ती हलगी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातील कलावंतांनी सांभाळली, आणि त्यांना गावाने बराच काळ कडेलाच उभे केले. चित्रमालिका निघालीच, तर त्या वाजविणाऱ्यांचे आणि रिंगणातील धनगर गड्यांचे नाव व मोबदला पाटीवर व हिशेबात, दोन्हीकडे दिसला पाहिजे. ज्यांच्या पावलांवरून रेघ काढली, त्यांनाच विसरणे हा शोभेचा कारभार नव्हे.

२०१४ च्या प्रजासत्ताकदिनी सांगलीत सात हजारांहून अधिक जणांनी एकत्र लेझीम खेळून विक्रम केला. एका दिवसाच्या अशा उत्साहाला आम्ही कमी लेखीत नाही. मात्र कला टिकते ती आठवड्याच्या तासाने. मुलांचे कार्टून बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. पडदा मुलाला पाऊल दाखवितो. शेजारच्या गड्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास मिळविणे, त्याचे चुकले तर आपण सावरून घेणे, हे त्याला रिंगणातच शिकावे लागते. म्हणून शाळेने आठवड्यातून एक तास जाणत्या हलगीवाल्याला मानाने बोलवावे, पालकांनी पेटीतली गंजलेली लेझीम पुसून मुलाच्या हाती द्यावी, आणि त्यातल्याच एखाद्या चित्रे काढणाऱ्या मुलीला वहीच्या कोपऱ्यात ती अठ्ठेचाळीस चित्रे काढून पाने भराभर उलटून पाहू द्यावे. मालिकेचा आरंभ तेवढ्या वहीतूनही होऊ शकेल.