अर्बुदगिरीवरील तीन दिवस : जमा आणि खर्च

व्यापारी घराला सुट्टी परवडत नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. दुकानाचे शटर एक दिवस खाली राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाते आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक सहजी परतत नाही, हे वडीलधाऱ्यांचे गणित चुकीचे नाही. तथापि त्याच घरात आता नोकरी करणारी सून आहे, शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेली नातवंडे आहेत आणि गुडघ्यांनी साथ सोडण्यापूर्वी एकदा तीर्थदर्शन घडावे, अशी इच्छा मनात धरून बसलेल्या आजीही आहेत. प्रजासत्ताक दिनाला लागून शनिवार-रविवार आला की प्रश्न उभा राहतो. आजींना यात्रा हवी, मुलांना डोंगर हवा, सुनांना बाजार हवा आणि कर्त्या पुरुषाला चौथ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला हवे. या चारही मागण्या एकाच ठिकाणी पुऱ्या करणाऱ्या मोजक्या गावांत माउंट आबूचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

अरवली पर्वतरांगेतील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर वसले असून ते राजस्थानातील एकमेव गिरिस्थान आहे. पायथ्याचे आबू रोड स्थानक गावापासून सुमारे २८ किलोमीटरवर असून मुंबईहून अहमदाबादमार्गे मारवाडकडे जाणाऱ्या अनेक गाड्या तेथे थांबतात. मुंबई-पुण्यातील कित्येक जैन घराण्यांची मूळ गावे सिरोही, पाली आणि जालोर या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यासाठी हा डोंगर परका नाही. राज्यपुनर्रचनेपूर्वी काही वर्षे आबू हा मुंबई राज्याचाच भाग होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो राजस्थानात समाविष्ट झाला, हे नव्या पिढीला बहुधा ठाऊक नसते.

पहिला दिवस देलवाड्याचा. सकाळची वेळ पूजा-प्रक्षाल करणाऱ्यांची असते आणि सामान्य पर्यटकांना दुपारी बारानंतर प्रवेश मिळतो, हे ध्यानात ठेवून दिवसाची आखणी करावी. चामड्याची कोणतीही वस्तू आत नेता येत नाही आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. भ्रमणध्वनी बाहेर राहिल्यामुळे मुले प्रथम कुरकुरतात. पण विमलवसहीच्या रंगमंडपात मान वर करून उभी राहिली की ती कुरकुर आपोआप थांबते. घुमटाच्या मध्यभागी लोंबणारे संगमरवरी कमळ आणि भोवती उभ्या असलेल्या सोळा विद्यादेवी पाहताना दगड इतका पातळ कसा झाला, हा प्रश्न लहानथोर सर्वांनाच पडतो.

गुजरातच्या सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाचा मंत्री विमलशाह याने इ. स. १०३१ मध्ये आदिनाथ भगवंतांचे हे मंदिर उभारले. मंदिराच्या जागेविषयीची एक परंपरागत कथा व्यापारी वाचकांनी मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे. विमलशाह सत्ताधारी होता. जागा हुकमाने घेणे त्याला अशक्य नव्हते. तरीही त्याने ती मोल देऊन घेतली आणि मोलही कसे, तर जमिनीवर सुवर्णमुद्रा अंथरून. गोल नाण्यांच्या मध्ये रिकामी जागा उरते आणि तेवढी जमीन फुकट घेतल्यासारखी होते, म्हणून त्याने चौकोनी मुद्रा पाडून घेतल्या, असे सांगतात. कथेतील सोन्याचा हिशेब इतिहासकार तपासतील; तिच्यातील नीतीचा हिशेब मात्र कोणत्याही पेढीवर लावता येतो.

जवळच असलेली लूणवसही ही वस्तुपाल आणि तेजपाल या मंत्री बंधूंनी आपला दिवंगत भाऊ लूणिग याच्या स्मरणार्थ इ. स. १२३० च्या सुमारास बांधविली. मूलनायक नेमिनाथ भगवान. तेजपालाची पत्नी अनुपमादेवी हिची आठवण येथे विशेषत्वाने निघते. डोंगरावरील थंडीत कारागिरांचे हात बधिर होतात आणि काम रेंगाळते, हे ओळखून तिने त्यांच्यासाठी शेकोट्यांची आणि भोजनाची व्यवस्था करविली, असे परंपरा सांगते. जानेवारीतील आबूचा गारठा एकदा अंगावर घेतला की त्या व्यवस्थेचे मोल कळते. चौदाव्या शतकाच्या आरंभी या मंदिरांचा विध्वंस झाला, आणि पुढे विक्रम संवत १३७८ मध्ये त्यांचा जीर्णोद्धार झाला तो राजांच्या नव्हे, तर श्रावकांच्या द्रव्याने. आजही देलवाड्याची व्यवस्था सिरोहीची शेठ कल्याणजी परमानंदजी पेढी पाहते. मंत्र्यांनी उभारलेले वैभव पुढे पेढ्यांनी सांभाळले, हा या डोंगरावरचा दुसरा धडा.

दुसरा दिवस पायांचा. अचलगड आणि गुरुशिखर ही दोन्ही स्थळे एकाच दिशेला आहेत. अचलगडावरील किल्ला परमारांचा. मेवाडच्या महाराणा कुंभाने १४५२ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. पायथ्याशी अचलेश्वर महादेवाचे मंदिर आणि काठावर दगडी रेडे उभे असलेले मंदाकिनी कुंड आहे. तेथून चढत गेल्यावर वरच्या जैन मंदिरांतील पंचधातूच्या भव्य प्रतिमांचे दर्शन होते. चौदा प्रतिमांचे एकूण वजन १४४४ मण असल्याचे सांगितले जाते. गुरुशिखर हे अरवलीचे सर्वोच्च टोक, उंची १७२२ मीटर. वाहन बरेच वर जाते आणि शेवटच्या पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतात. माथ्यावर दत्तात्रेयांचे स्थान असल्यामुळे मराठी भाविकांची पावले तेथे हमखास वळतात. याच परिसरात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा असून तेथील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने अवरक्त किरणांतील आकाशाचा अभ्यास चालतो, हे विज्ञान शिकणाऱ्या मुलांना सांगावे.

ज्यांना आणखी चालायचे असेल त्यांना गोमुखाकडे उतरणाऱ्या सुमारे सातशे पायऱ्या आहेत. उतरताना हसतमुख असलेली मंडळी चढताना मौन पाळतात. अर्बुदादेवीच्या ३६५ पायऱ्या त्या मानाने सौम्य. अभयारण्यातील पायवाटांवर मात्र वाटाड्याशिवाय जाऊ नये. या जंगलात बिबटे आहेत आणि अस्वलेही आहेत. उष्ट्या-खरकट्याच्या वासाने अस्वले वस्तीतील कचऱ्यापर्यंत येतात. पर्यटकाने टाकलेला अर्धा वडापाव हा त्या मुक्या जीवाला माणसाच्या वाटेवर आणणारा सापळा ठरतो. पांजरापोळीला देणगी देणाऱ्या घराने डोंगरावर आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणला, तर तीही जीवदयाच होय.

आता भोजनाचा विचार. जोडसुट्टीच्या सहलीत व्रतांची कुचंबणा होते, अशी तक्रार तरुणांकडून ऐकू येते. वास्तविक आबूवर व्रत हेच उत्तम वेळापत्रक ठरते. जानेवारीच्या अखेरीस तेथे सूर्योदय सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास होतो. त्यावर अठ्ठेचाळीस मिनिटे धरली की नवकारशी सव्वाआठच्या आत येते. सूर्यास्त सव्वासहानंतर लगेच होतो. म्हणजे भोजनासाठी दहा तास मिळतात आणि त्यांत दोन जेवणे व एक अल्पाहार निवांत बसतो. सनसेट पॉइंटवर सूर्य बुडताना गर्दी मक्याची कणसे आणि चहा यांत गुंतलेली असते. चौविहार पाळणारे कुटुंब मात्र साडेपाचला जेवून, पाणी वापरून, मोकळ्या हाताने तेथे पोहोचते आणि सूर्यास्त खऱ्या अर्थाने पाहते. उशिरापर्यंत उपाहारगृहांत ताटकळणाऱ्यांपेक्षा त्यांची रात्र लवकर आणि स्वस्तात संपते, हा लाभ वेगळा.

देलवाड्याच्या परिसरात भोजनशाळेची सोय आहे आणि गावात गुजराती-राजस्थानी थाळी सर्वत्र मिळते. तरीही ‘जैन’ एवढ्या पाटीवर विसंबू नये. भाजीचा रस्सा आधीच कांदा-लसूण घालून तयार ठेवलेला असतो काय, आले वापरले आहे काय, कढई वेगळी आहे काय, हे नम्रपणे विचारावे. कच्च्या दह्यात कडधान्य आले की द्विदळ होते, हे दहीवडा मागविताना आठवावे. डोंगर चढताना खाकरा, सुखडी आणि कुरमुऱ्यांचा चिवडा यांसारखे सोबती नाहीत. हिवाळ्यात उकळलेल्या पाण्याची मर्यादा चार प्रहरांची. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत निर्धास्त चालते. आबू रोडची रबडी प्रसिद्ध आहे, पण परतीच्या रात्रगाडीत ती डब्यात भरून घरी नेण्याचा मोह टाळावा. रात्र उलटली की ती वासी ठरते. खायची असेल तर दिवसाउजेडी, तेथेच, वाटीने खावी.

तिसरा दिवस नक्की तलावाच्या काठचा आणि तेथील बाजाराचा. सांगानेरी छापाच्या चादरी, कोटा साड्या, बांधणी, रजया, लाखेच्या बांगड्या, मोजड्या, लाकडी खेळणी अशी रेलचेल असते. येथे दोन कसोट्या लावाव्यात. पहिली धर्माची : मोजडी चामड्याची की कापडी, साडीत रेशीम किती, हे पाहावे, लाख हाही कीटकांपासून मिळणारा पदार्थ आहे, हे विसरू नये. दुसरी व्यवहाराची : सांगानेरचा छाप जयपूरजवळचा आणि कोटा साडी कोट्याकडची. आबूवर हा माल विकला जातो, होत नाही. म्हणून भावात घाटाचे भाडे आणि हंगामाची तेजी मिसळलेली असते. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे पोत हाताळताच कळते.

आणि नेमका येथेच प्रवासातील खरा प्रश्न उभा राहतो. ज्याचा दिवस भावातच जातो, तो मनुष्य सुट्टीतही भाव सोडीत नाही. फुटपाथवर खेळणी मांडून बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी वीस मिनिटे घासाघीस करणे आणि त्या विजयाची कथा परतीच्या गाडीत रंगवून सांगणे, हा आपल्याकडील मोठा विरंगुळा. वस्तूची किंमत पारखणे हा व्यापाऱ्याचा गुण आहे. समोरच्याची गरज पारखून तिचा फायदा घेणे हा दोष आहे. दोहोंतील अंतर फार थोडे असते, जवळजवळ दोन गोल नाण्यांच्या मधल्या फटीएवढे. मोठ्या दुकानात पावती मागावी, माल तपासावा, दर तुलना करून पाहावा. ज्याचे दुकान एका चादरीत मावते त्याच्याकडे मात्र वाजवी वाटेल तो भाव एकदा सांगून व्यवहार मिटवावा. मुले हे पाहत असतात. ती वहीत लिहून ठेवीत नाहीत, पण विसरतही नाहीत.

गर्दी टाळायची असेल तर खोली व परतीचे आरक्षण एकाच वेळी करावे, आजींसाठी तळमजला मागावा आणि गरम कपड्यांत काटकसर करू नये. कडाक्याच्या थंडीत तेथील पारा शून्याच्या आसपास उतरतो. ऑगस्टमधील जोडसुट्टी हिरवाईमुळे मोहात पाडते, परंतु तो काळ चातुर्मासाचा आणि पर्युषणाच्या तोंडावरचा असल्यामुळे घरातील नियम पाहूनच निर्णय घ्यावा.

तीन दिवस दुकान बंद राहिल्याने जे बुडाले ते रोजमेळीत ‘खर्च’ या बाजूला दिसेल. जमेच्या बाजूची नोंद लगेच होणार नाही. ती पुढे कधीतरी, एखाद्या अडल्या गिऱ्हाइकाला गल्ल्यावर बसलेला मुलगा कोणता भाव सांगतो, त्यावरून कळेल.