नाल्याचा सातबारा

घाटा हे गुरुग्रामच्या आग्नेय अंगाचं गाव. पाठीशी अरवलीचे बुटके, खडकाळ डोंगर आणि समोर गोल्फ कोर्स एक्स्टेन्शन रोडवरचे उंचच उंच टॉवर. जुलैतल्या एखाद्या दुपारी इथल्या गच्चीवर पावसाचा थेंब पडतो. तो वाहत कुठे जातो, एवढंच बघायचं ठरवलं तरी या शहराचा कारभार समजतो.

गच्चीवरून पन्हाळीत आणि तिथून सोसायटीच्या गटारात उतरेपर्यंत थेंब बिल्डरच्या हद्दीत असतो. कॉलनीचं फाटक ओलांडून मोठ्या रस्त्याच्या पर्जन्यवाहिनीत शिरला की तो महानगर विकास प्राधिकरणाचा, म्हणजे जीएमडीएचा. पलीकडच्या जुन्या वस्तीतला त्याचा भाऊबंद मात्र महापालिकेच्या गटारातून येतो. दोघं भेटतात बादशाहपूर नाल्यात. सुमारे २८ किलोमीटरचा हा नाला शहराचं निम्म्याहून जास्त पावसाचं पाणी वाहून नेतो. वाटिका चौक, खांडसा असं करत तो हिरो होंडा चौकात राष्ट्रीय महामार्गाच्या पोटाखालून जातो. तिथली मोरी महामार्ग प्राधिकरणाची. पुढे वायव्येला नजफगड नाला लागतो, आणि तिथून दिल्ली सरकारचं सिंचन व पूरनियंत्रण खातं. शेवटी वझिराबादजवळ यमुना. घाट्यापासून नजफगडपर्यंत जमीन सत्तर-ऐंशी मीटर उतरते. पाण्याला एवढा उतार पुरेसा असतो. फायलीला मात्र प्रत्येक हद्दीवर चढ लागतो.

२८ जुलै २०१६ रोजी हा चढ सगळ्या देशाला दिसला. संध्याकाळच्या पावसात बादशाहपूर नाला फुगला. खांडसा गावाजवळ त्याचं पात्र आधीच आवळलेलं होतं, शिवाय हिरो होंडा चौकात उड्डाणपुलाचं काम सुरू होतं. चौकात तळं साचलं आणि जयपूर महामार्गावर गाड्या रात्रभर, काही ठिकाणी दुसऱ्या दिवसापर्यंत, अडकून पडल्या. चौकाभोवती जमावबंदी लावावी लागली, शाळांना सुट्टी द्यावी लागली. त्याच वर्षी गुडगावचं गुरुग्राम झालं होतं. लोकांनी लगेच तिसरं नाव ठेवलं, ‘गुरुजाम’.

मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नावाची नदी आपल्या शहरात आहे हे अनेकांना पहिल्यांदा कळलं. लगेच ऑगस्टमध्ये मिठीसाठी वेगळं प्राधिकरण आलं आणि १७.८४ किलोमीटरच्या नदीची वाटणी झाली: महापालिकेकडे ११.८४, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे, ६. भावकीत बांध घालावा तसा. बांध घातल्यावर दोन्हीकडे कामं झाली, पण नदी एकच होती हे पुरातच आठवतं.

गुरुग्रामची अडचण मिठीपेक्षा जुनी आणि जास्त गुंत्याची आहे, कारण इथे शहर आधी आलं आणि महापालिका मागाहून. हरियाणाने १९७५ मध्ये नागरी क्षेत्र विकास व नियमन कायदा केला आणि खासगी विकासकांना कॉलनी वसवायचे परवाने खुले केले. १९७७ मध्ये हुडा आलं, आताचं हरियाणा शहरी विकास प्राधिकरण. सेक्टर हुडाचे, परवाने नगर नियोजन खात्याचे, कारखान्यांची जमीन औद्योगिक महामंडळाची, कॉलनीतले रस्ते बिल्डरचे. महानगरपालिका आली ती थेट २००८ मध्ये. तोवर डीएलएफ या बिल्डरचे टॉवर उभे राहून जुने झाले होते.

या व्यवस्थेचा सांधा म्हणजे बाह्य विकास शुल्क. परवाना घेताना बिल्डर हे शुल्क सरकारला भरतो आणि अर्थातच फ्लॅट घेणाऱ्याकडून वसूल करतो. त्या पैशातून कॉलनीबाहेरचे मोठे रस्ते, जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि नाले सरकारने करायचे. हिशेब कागदावर चोख आहे. पण घर बांधायला दोन-चार वर्षं पुरतात, तर नाल्यासाठी जमीन घ्यायला दशक जातं. म्हणून कॉलनीच्या आतलं गटार तयार असतं आणि बाहेर त्याला जोडायला काही नसतं. गुरुग्रामच्या कितीतरी नव्या सेक्टरांत मैलापाणी टँकरने उपसून नेताना दिसतं ते यामुळे.

२०१६ च्या फजितीनंतर, २०१७ मध्ये, गुरुग्राम महानगर विकास प्राधिकरणाचा कायदा झाला. अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, कारभाराला मुख्य कार्यकारी अधिकारी. मोठे रस्ते, मुख्य नाले, सांडपाणी प्रक्रिया आणि बसई व चंदू बुढेरा इथल्या जलशुद्धीकरण केंद्रांतून येणारं ठोक पाणी त्याच्याकडे आलं. घरोघर पाणी पोहोचवणं महापालिकेकडे राहिलं. कल्पना एमएमआरडीएचीच, १९७५ ची. पुढे हरियाणाने हाच साचा फरिदाबाद, पंचकुला आणि सोनिपतला वापरला. बादशाहपूर नाल्याच्या उताऱ्यावर अखेर एक नाव चढलं आणि खांडशातलं आवळलेलं पात्र रुंद करायला कोणाला धरायचं ते ठरलं. हे थोडं नाही. पण डिसेंबर २०२० मध्ये शेजारी मानेसरची वेगळी महापालिका झाली, म्हणजे जोडायचं आणखी एक टोक वाढलं.

आणि हे सगळं एका राज्याच्या आतलं. नजफगडला हद्द बदलली की बोलायला लागतं ते राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ, जे १९८५ च्या कायद्याने आलं. केंद्रीय नगरविकास मंत्री अध्यक्ष. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान सदस्य. हद्द सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर. दिल्लीवरचा भार आसपासच्या गावांनी वाटून घ्यावा, हा हेतू. मंडळ प्रादेशिक आराखडा करतं, राज्यं त्यात बसणारे उपप्रादेशिक आराखडे करतात, आणि मंडळ पाणी-रस्त्यांच्या कामांना कर्ज देतं. राज्याने आराखडा मोडला तर? कायद्याचं कलम २९ सांगतं की काम थांबवायला सांगा, आणि ऐकलं नाही तर मदत रोखा. म्हणजे हातात छडी आहे, पण ती उगारली की आपलीच थैली बंद करायची. २००५ मध्ये अधिसूचित झालेल्या २०२१ च्या आराखड्यानंतरचा, २०४१ चा मसुदा हरकतींसाठी आला तो २०२१ च्या अखेरीस, म्हणजे आधीच्याची मुदत संपताना.

याच प्रदेशात एक काम मात्र हद्दी ओलांडून गेलं. जलद प्रादेशिक रेल्वेसाठी २०१३ मध्ये एनसीआरटीसी ही कंपनी निघाली. निम्मं भांडवल केंद्राचं, उरलेलं चार राज्यांचं साडेबारा-साडेबारा टक्के. २० ऑक्टोबर २०२३ रोजी साहिबाबाद ते दुहाई हा १७ किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. तिथेही सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. दिल्लीचा ४१५ कोटींचा वाटा थकला तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पैसे भरा, नाहीतर तुमच्या जाहिरातींचा निधी इकडे वळवू. पण मुद्दा असा, की वाटा ठरलेला होता म्हणूनच थकबाकी मोजता आली. किती पैसे, कोणाचे, केव्हापर्यंत हे कागदावर होतं, म्हणून न्यायालयाला बोट दाखवायला जागा मिळाली.

नाल्याच्या बाबतीत नेमकं हेच नाही. रेल्वेला तिकीट आहे, उद्घाटनाला हिरवा झेंडा आहे, भागभांडवल आहे. नाल्याला तिकीट नसतं. नजफगड नाल्यालगतच्या पाणथळीवरून हरियाणा आणि दिल्लीचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि शेवटी दोघांनी आपापले स्वतंत्र आराखडे मांडले. एकच पाणी आणि दोन आराखडे.

आपल्याकडे जमिनीचा सातबारा उघडला की वरच्या भागात मालकाचं नाव असतं आणि बाजूला ‘इतर हक्क’ हा रकाना. कुणाची वाट, कुणाची विहीर, कुणाचा बोजा. बादशाहपूर नाल्याचा सातबारा असता तर कित्येक वर्षं मालकाची जागा कोरी आणि ‘इतर हक्क’ गच्च भरलेला दिसला असता. २०१७ मध्ये तिथे नाव लागलं. आता नजफगडला नाला जिथे दिल्लीच्या वाटेला लागतो तिथे मालकाचं नाव नको, साडेबारा टक्क्यांसारखा एक आकडा हवा. पुढच्या २८ जुलैला पाणी तुंबलं तर निदान कोणाची थकबाकी ते सांगता येईल.