मनगटावरचा ठिपका कुणाकुणाला दिसतो?

समजा, रायपुरात बुढातालाबाजवळच्या सप्रे शाळेतून एक मुलगी बाहेर पडली. तिच्या मनगटावर सिमकार्ड घातलेलं स्मार्टवॉच आहे. तिकडे चौबे कॉलनीत आईच्या मोबाइलवर नकाशा उघडतो आणि त्यावर एक ठिपका सरकू लागतो. आईच्या जिवाला स्वस्थता देणारा हा ठिपका तयार कसा होतो हे पाहू लागलं, की थक्क व्हायला होतं.

त्याची सुरुवात होते 20,200 किलोमीटर उंचीवर. तिथून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अखंड सांगत असतात की मी अमुक उपग्रह, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. हा संदेश रायपूरपर्यंत यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. येईपर्यंत तो इतका क्षीण होतो की भोवतालच्या रेडिओ लहरींच्या गोंगाटात पार बुडून जातो. तरीही घड्याळातली नखाएवढी चिप तो शोधून काढते. संदेश कधी निघाला आणि कधी पोचला, यावरून उपग्रहाचं अंतर कळतं. इथे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर 300 मीटरने चुकतं आणि शाळेतली मुलगी तलावाच्या मधोमध दिसू शकते. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते. पण मनगटावरचं घड्याळ काही अणुघड्याळ नव्हे, म्हणून त्याची वेळ दुरुस्त करायला चौथा उपग्रह लागतो.

या सगळ्यात घड्याळ फक्त ऐकतं. उपग्रहाला मुलीचा पत्ता कधीच कळत नाही. पत्ता फुटू शकतो तो त्यानंतरच्या प्रवासात. घड्याळ आपली जागा सिमकार्डावरून कंपनीच्या सर्व्हरला कळवतं आणि आईचं ॲप ती सर्व्हरकडून मागून घेतं. ठिपका आईला दिसतो तो असा, या तिसऱ्याच्या हातून.

पालकांच्या हाती दिलेली बरीचशी नियंत्रणंही याच वाटेने चालतात. शाळेभोवती आखलेली अदृश्य सीमा, म्हणजे जिओफेन्स, हा निव्वळ हिशेब असतो: शाळेपासूनचं अंतर ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की मोबाइलवर सूचना येते. फोन कुणाचा लागावा याची यादी पालक ॲपमध्ये भरतात आणि घड्याळ तेवढ्याच नंबरांना दाद देतं. ॲपलच्या घड्याळात शाळेच्या वेळेसाठी वेगळी सोय आहे. ती चालू असताना पिवळं वर्तुळ असलेली साधी तबकडी दिसते, बाकी सगळं बंद. मूल बाजूची कळ फिरवून त्यातून बाहेर पडू शकतं. मात्र ते कधी आणि किती वेळ बाहेर होतं, याची नोंद पालकांना दिसते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. ती मुलाला कोंडत नाही, जबाबदारी शिकवते.

मुलांच्या डोळ्यांसमोर काय यावं, हा प्रश्न आणखी अवघड. ॲपलच्या उपकरणांत मुलाला आलेला फोटो नग्नतेचा आहे का, हे उपकरण स्वतःच तपासतं आणि तसा असल्यास तो धूसर करतं. फोटो तपासायला कंपनीकडे जात नाही. उलट जे घड्याळ प्रश्नांची उत्तरं थेट इंटरनेटवरून उचलतं, त्याचं काय होतं हे ऑगस्ट 2024 मध्ये चीनमध्ये दिसलं. 360 कंपनीच्या मुलांच्या घड्याळाने चिनी लोकांबद्दल अवमानकारक उत्तर दिलं आणि कंपनीचे संस्थापक झोउ होंगयी यांना माफी मागावी लागली.

सर्वांत मोठी भगदाडं मात्र सर्व्हरच्या दारात सापडली. नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने ऑक्टोबर 2017 मध्ये दाखवून दिलं की काही घड्याळांचा ताबा अनोळखी माणूस घेऊ शकतो, मूल कुठे आहे ते पाहू शकतो. 2019 मध्ये अवास्ट या कंपनीच्या संशोधकांना मुलांसाठी आणि वृद्धांसाठी विकले जाणारे किमान 6 लाख ट्रॅकर असे आढळले, ज्यांचा मूळ पासवर्ड होता 123456. खात्याचा क्रमांक निघत होता उपकरणाच्या आयएमईआय या 15 आकडी ओळख क्रमांकावरून. हे आकडे ओळीने येतात. हजेरीपटावरचा पुढचा क्रमांक पुकारावा तसा पुढचा आकडा टाकला, की दुसऱ्याचं मूल समोर!

आणि धोका नेहमी अनोळखी माणसाकडूनच असतो असंही नाही. काही घड्याळांत पालकांना गुपचूप आजूबाजूचं बोलणं ऐकता येत होतं. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचं बोलणंही त्यातून ऐकलं जात होतं. जर्मनीच्या फेडरल नेटवर्क एजन्सीने नोव्हेंबर 2017 मध्ये अशा घड्याळांवर बंदी घातली आणि घरात असलेली घड्याळं नष्ट करायला सांगितलं.

आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं यांना कायद्याची मनाई आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या नियमांनी मुलाच्या सुरक्षेसाठी त्याची जागा पाहण्यापुरती सवलत ठेवली आहे. या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

तोवर काही कामं आपण घरीच करू शकतो. घड्याळ आणल्या दिवशी मूळ पासवर्ड बदला. यादीत नसलेल्या नंबरवरून फोन लावून पाहा. घड्याळ वाजलं तर ती यादी निरुपयोगी आहे. कॅमेरा, ब्राउझर, अनोळखी मैत्री यांतलं जे लागत नाही ते बंद ठेवा. यादीत 112 आणि चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 घाला. आणि आपण ठिपका केव्हा पाहतो, का पाहतो, हे मुलाला मोकळेपणाने सांगा. पाळत नव्हे, पाठराखण आहे, एवढा विश्वास त्याला वाटला तरच संकटात ते घड्याळाची कळ दाबेल.