उघड्या कपाटाची किंमत

पालघर सोडलं की डहाणूकडे जाणारी लोकल उमरोळीला थांबते, मग बोईसर. उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली ती एप्रिल २०१३मध्ये. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्टला, ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा मुख्यालयाच्या इमारती कोळगावात उभ्या राहिल्या, उमरोळीपासून फार लांब नाही. पलीकडे तारापूर एमआयडीसी, तिथल्या पाळ्या. पहिल्या पाळीचा कामगार अंधारातच घर सोडतो आणि मुंबईला नोकरी करणारा रात्री उशिरा उतरतो. अशा पट्ट्यात सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास उघडणारं वाचनालय कोणाच्या उपयोगाचं? निवृत्तांच्या, आणि सुट्टीतल्या मुलांच्या. कमावत्या माणसाला त्याची पाटी तेवढी माहीत असते, तीही कुलपासकट.

ग्रंथालयातल्या स्वयंचलनाचं कौतुक सहसा वेगासाठी होतं. रांग नको, दोन मिनिटांत पुस्तक हातात. पण आपल्या गावच्या देवघेव काउंटरवर रांग असते कुठे? इथे यंत्राकडे मागायचे ते जादा तास.

हे तंत्र मुळात साधं आहे. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पातळ चिकटपट्टी लावतात. तिच्यात मुंगीएवढी चिप आणि तिच्याभोवती धातूच्या तारेची चौकोनी वेटोळी. बॅटरी नसते. यंत्रासमोर पुस्तक आलं की १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरच चिप जागी होते आणि आपला दाखल क्रमांक सांगते. चार पुस्तकांची चळत ठेवली तरी चारही वाचली जातात. पुस्तक सभासदाच्या नावावर चढलं की चिपवरची खूण बदलते. न बदललेली खूण घेऊन कोणी दारातून निघालं, तर तिथले खांब ओरडतात. याला आरएफआयडी म्हणतात. सिंगापूरने १९९८मध्ये बुकित बातोकच्या वाचनालयात ते वापरात आणलं. डेन्मार्कमध्ये तर कर्मचारी घरी गेल्यावरही वाचक आपलं कार्ड दाखवून दार उघडतात आणि पुस्तकं घेऊन जातात. उमरोळीकराला हेवा वाटावा तो या दाराचा.

मात्र ही यंत्रणा उचलून इथे आणली तर पहिली अडचण करेल ते कपाट. आपली वाचनालयं लोखंडी कपाटांवर उभी आहेत आणि लोखंडाजवळ या लहरी बिचकतात. पुस्तक टेबलावर ठेवलं तर ठीक. पण हातातलं यंत्र फळीवरून फिरवून मोजदाद करायला गेलं, तर कडेची पुस्तकं हमखास सुटतात. वर पावसाळ्यातली वीज. दार विजेवर आणि वीज गेलेली, म्हणजे वाचक आत किंवा बाहेर, जिथे असेल तिथे.

पैशाचं गणित त्याहून अवघड. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यावर अनुदान ठरतं. ड वर्गाचं वर्षाचं अनुदान लाखाच्याही आत. त्यातूनच पगार, त्यातूनच पुस्तकं. एका चिकटपट्टीला दहा रुपये धरले, तरी पाच हजार पुस्तकांचे पन्नास हजार होतात. खांब आणि यंत्र वेगळे. ग्रंथपालाला महिन्याला मिळणारी रक्कम सांगायला संचालक मंडळंही संकोचतात, तिथे ओरडणाऱ्या खांबांचा ठराव कोण मांडणार? न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली फुकट आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीची ‘ई-ग्रंथालय’ही आहे. त्यांवर यादी चढवून बारकोड चिकटवणं परवडतं. मी असते तर तिथेच थांबले असते.

माणूस वगळता येईल या आशेने यंत्र घेणाऱ्यांनी रेल्वेकडे पाहावं. तिकीट स्वतः काढण्याची एटीव्हीएम यंत्रं मुंबईच्या स्टेशनांवर आली तेव्हा खिडकीवरची गर्दी कमी व्हायची होती. काही काळाने रेल्वेनेच निवृत्त कर्मचाऱ्यांना कमिशनवर त्या यंत्रांपाशी नेमलं. प्रवासी स्टेशनचं नाव सांगतो, पैसे देतो, आणि काका पडद्यावर बोटं चालवून तिकीट हातात ठेवतात. यात हसण्यासारखं काही नाही. लोकांना हवी ती सोय रेल्वेला करून द्यावी लागली. वाचनालयातल्या यंत्रापाशीही कोणीतरी लागणारच, निदान पहिली काही वर्षं.

यंत्राविना स्वयंसेवा मात्र आपल्याकडे जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना ग्रंथालयं उभारायला बोलावलं, आणि त्या संस्थानातून पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्याखेड्यांत फिरू लागल्या. आपल्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम मांडलं, १९५७ला ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा अंगणात आणि गुरं चरायची त्या कुरणात शाळा गेली. वाचनालयाने वाचकाच्या पायाखालच्या वाटेवर जाऊन बसावं, हे या जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवायला नको. महाबळेश्वरजवळच्या भिलारला ४ मे २०१७ला ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा पंचवीस ठिकाणी, बरीचशी लोकांच्या घरांतच, सुमारे पंधरा हजार पुस्तकं उघडी मांडली गेली. वाचक येतो, पुस्तक काढतो, ओसरीवर बसून वाचतो.

मग उमरोळीच्या आसपास काय अडतं? माझ्या मते कुलूप. वर्षाची तपासणी आली की दाखल नोंदवही आणि फळी जुळवून पाहतात. न जुळलेलं पुस्तक ग्रंथपालाच्या माथी बसण्याची भीती असते. तुटपुंज्या मानधनावरचा माणूस मग कपाटाची किल्ली कमरेला लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. वाचक काचेबाहेरून कणे वाचतो, चिठ्ठीवर नाव लिहितो. अशा ठिकाणी लाखाचं यंत्र बसवलं तरी ते कुलपाचीच राखण करील.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. वर्षात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते नुकसान वाजवी समजावं. अट ही, की त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. रोज तीस पुस्तकांची देवघेव आणि तीनशे दिवस धरले, तर वर्षाला नऊ हजार होतात. म्हणजे पंचेचाळीस पुस्तकं हरवण्याची मुभा. गावच्या वाचनालयांना अशी सूट तपासणीच्या नमुन्यातच छापून मिळाली, तर कपाटं उघडतील, आणि स्टेशनबाहेर पुस्तक परत टाकायची एक पत्र्याची पेटीही ठेवता येईल. रात्री उशिराच्या लोकलने उतरणाऱ्याला तेवढं पुरतं. पेटी पावसात गळू नये म्हणून तिला उतरतं झाकण हवं, आणि ती रोज सकाळी रिकामी करणाऱ्याला महिन्याचे दोन पैसे जास्त.