हांक एक, उत्तरें अनेक

पायांत कांटा मोडून तसाच राहिला, म्हणजे एकदोन दिवसांत ती जागा लाल होते, सुजते, तापते व ठणकूं लागते. या चार लक्षणांची नोंद रोमन ग्रंथकार सेल्सस यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच करून ठेविली आहे. या अवस्थेस दाह म्हणतात. परंतु जखम पायाची असतां ताप सर्वांगास कां यावा, आणि यकृतानें केलेलें एक प्रथिन रक्तांत एकाएकीं कां वाढावें?

याचें उत्तर पेशींच्या अंतरंगांत आहे. यकृत, मेंदू, रक्तवाहिन्या या सर्वांच्या पेशींत जनुकांचा संच बहुतांशीं एकच असतो; प्रथिनें घडविणारीं सुमारें २०,००० जनुकें त्यांत आहेत. भेद असतो तो कोणतीं जनुकें उघडीं आणि कोणतीं मिटलेलीं याचा. ग्रंथ घरोघरीं एकच, पण उघडलेले अध्याय निरनिराळे, असा हा प्रकार होय.

जंतूंचा शिरकाव होतांच तेथील संरक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ यासारखीं निरोप पोंचविणारीं प्रथिनें रक्तांत सोडतात. तीं पोंचतांच रक्तवाहिनीच्या आंतील पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनें आणतात, म्हणजे वाहत्या पांढऱ्या पेशी तेथें अडकाव्या. अस्थिमज्जा नव्या पांढऱ्या पेशींची निपज वाढविते. मेंदूंतील रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन ताप चढतो. यकृत आपलें नित्याचें अल्ब्युमिन कमी करून सी-रिॲक्टिव्ह प्रथिन घडवूं लागतें. १९३० सालीं टिलेट व फ्रान्सिस यांस न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तांत आढळलेलें हें प्रथिन तीव्र दाहांत हजारपटीपर्यंत वाढूं शकतें. डॉक्टर 'सीआरपी'ची तपासणी सांगतात ती याचीच.

जनुकें जागीं करणाऱ्या प्रथिनांपैकीं एक मोठें प्रथिन रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनीं अमेरिकेंत १९८६ सालीं शोधून काढलें. त्याचें नांव एनएफ-कप्पा-बी. एरवीं तें पेशींत दुसऱ्या एका प्रथिनानें जखडलेलें असतें. हांक येतांच तें सुटतें, केंद्रकांत शिरतें आणि दाहाचीं जनुकें चालू करतें. नवल हें कीं, त्याला जखडणाऱ्या प्रथिनाचें जनुकही तेंच चालू करतें. दाह पेटविणाऱ्या हातींच तो विझविण्याची सोय निसर्गानें ठेविली आहे.

ही सोय अपुरी पडली म्हणजे रक्षकच भक्षक होतो. २०२० सालीं ब्रिटनमध्यें झालेल्या 'रिकव्हरी' चांचणींत याचा प्रत्यय आला. डेक्सामेथासोन हें औषध केंद्रकापर्यंत पोंचून दाहाचीं अनेक जनुकें शांत करतें. कोविडच्या ज्या रोग्यांना यंत्रानें श्वास द्यावा लागत होता, त्यांच्यांतील मृत्यु त्यानें सुमारें एकतृतीयांशानें कमी झाले. ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती, त्यांना मात्र कांहींच लाभ दिसला नाहीं. यावरून दाह हा निव्वळ शत्रु नव्हे, हें उघड होतें. तो कोठें आणि किती वेळ चालावा, यावरच रोग्याचें जीवित अवलंबून असतें. म्हणूनच असलें औषध वैद्याच्या सल्ल्यावांचून घेणें इष्ट नव्हे.